६५ वॉटचा तीन पोर्टवाला गॅन चार्जर: स्विच, स्टीम डेक आणि ऑफिसचा लॅपटॉप, तीन महिने वापरून

तीन महिने रोज वापरून मग लिहितेय, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते आणि दुसऱ्या आठवड्यात रागाच्या भरात एकच दिला असता. आता तीन देतेय आणि का ते सांगते, जरा लांबेल, पण ज्यांच्या घरी हातात धरून खेळायचं मशीन आणि लॅपटॉप दोन्ही टाइप-सीवर चालतात त्यांनी वाचाच. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण असाच डबा, असेच तीन पोर्ट आणि मागे व्होल्ट-अँपिअरची अशीच यादी छापलेले चार्जर मी चार वेगवेगळ्या नावांनी दुकानात बघितलेत, तेव्हा नाव बघण्यापेक्षा मागची यादी वाचता येणं जास्त कामाचं.

आधी आमच्याकडे काय काय आहे ते. मुलाचा निन्टेन्डो स्विच, हातात धरून किंवा टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, पहिलावाला, २०१७ ला बाजारात आलेला, त्याच्या मामाने न्यू जर्सीहून आणलेला. नवऱ्याचा स्टीम डेक, असंच हातात धरून गेम खेळायचं मशीन, तोही बाहेरूनच आलेला कारण ही दोन्ही मशीन आपल्याकडे अधिकृतपणे विकायला नाहीत. आणि माझा ऑफिसचा चौदा इंची लॅपटॉप. चार्जिंगचं भोक तिघांचंही सारखं, पण चार्जर तीन, स्विचचा ३९ वॉट, डेकचा ४५, लॅपटॉपचा ६५. त्यात स्विच आणि डेकच्या चार्जरला अमेरिकन चपट्या पिना, म्हणजे दोघांना कन्व्हर्टर आला, आणि त्या जड चार्जरच्या वजनाने कन्व्हर्टर आपल्या सॉकेटमधून हळूहळू खाली झुकतो आणि मध्येच चर्र आवाज येतो, मला त्या आवाजाची भीतीच बसलीय. गणपतीला आम्ही कुडाळजवळ गावी जातो, दरवेळी एक अख्खी पिशवी चार्जरची असते, म्हणून या वर्षी ठरवलं की एकच चांगला घ्यायचा, सगळ्यांना चालेल असा.

लॅमिंग्टन रोडला गेले होते दुसऱ्या कामाला, तिथेच बघितला. एमआरपी ३,९९९ लिहिलेली, मला १,६९९ ला दिला. दुकानातल्या दादांना मी नीट सांगितलं की स्विच आहे, डेक आहे, लॅपटॉप आहे, चालेल का. ते म्हणाले, “मॅडम, टाइप-सी आहे ना? मग सगळं चालतं, बिनधास्त न्या.” मी नेला.

चार्जर दिसायला छान आहे हे मान्य. काडेपेटीच्या दोन डब्या जोडल्या तर होतील तेवढा, आपल्या गोल पिनांचा, सॉकेटमध्ये घट्ट बसतो, झुकत नाही, आणि ही एवढी एक गोष्टसुद्धा मला फार मोलाची वाटते. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड, आतले स्विचिंगचे भाग सिलिकॉनऐवजी त्याचे असतात, ते जास्त वेगाने चालू-बंद होतात आणि कमी तापतात, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो आणि सगळा डबा आटोपशीर होतो. तापतो मात्र हाही, तासभर लॅपटॉप लावला की हात ठेवल्यावर चांगला गरम लागतो, पण चटका नाही. मागे बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा आर नंबर आहे, मी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघितला, निघाला. तुम्हीही बघत जा, दोन मिनिटांचं काम आहे.

पहिला आठवडा एकदम मस्त गेला. लॅपटॉप एकटा लावला, चार्ज झाला. डेक एकटा लावला, खेळता खेळता बॅटरी वाढत गेली. स्विचच्या डॉकला, म्हणजे त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या बैठकीला लावला, टीव्हीवर चित्र आलं. नवरा म्हणाला, “चला, एक कटकट मिटली.”

मग एका रविवारी मुलगा डॉकवर खेळत होता, टीव्हीवर, शर्यतीचा शेवटचा राउंड, आणि सासूबाईंनी येऊन त्याच चार्जरच्या तिसऱ्या, सगळ्यात खालच्या पोर्टला त्यांचा फोन लावला. टीव्ही काळा! तीन-चार सेकंदांनी परत आला. पोरगं ओरडलं, सासूबाई घाबरल्या की आपल्या हातून काही बिघडलं की काय. मी फोन काढला, परत काळा. लावला, परत काळा. दरवेळी तेच. आणि फोन त्या तिसऱ्या पोर्टलाच ठेवून डॉक त्याच्या शेजारच्या मधल्या टाइप-सीला लावला तर टीव्ही येईचना, स्विचवर नुसतं चार्जिंगचं चिन्ह.

मला वाटलं चार्जर खराब आला. पण मग डब्यातली घडीची पत्रिका उलगडली, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरात मागच्या बाजूला एक तक्ता होता आणि खरी गोष्ट सगळी त्यात होती. वरचा टाइप-सी पोर्ट एकटा असेल तर ६५ वॉट. वरचा आणि मधला मिळून लावले तर ४५ आणि २०. वरचा आणि खालचा जुना यूएसबी मिळून ४५ आणि १८. मधला आणि खालचा मिळून दोघांत १५, फक्त ५ व्होल्टवर. तिन्ही लावले तर वर ४५ आणि खालच्या दोघांत मिळून १५. हा तक्ता डब्याच्या बाहेर कुठेही नाही! बाहेर ठळक अक्षरात फक्त ६५ वॉट आणि शेजारी लॅपटॉप, कन्सोल, फोन असे तिन्ही चित्रं एकाच वेळी लावलेली. माझा मुख्य राग हा आहे. चित्रात दाखवलंय ते होतं, पण चित्रातल्यासारखं लावल्यावर ६५ कुणालाच मिळत नाही.

आता हे असं का होतं ते मला समजून घ्यायला वेळ लागला, ते सांगते. टाइप-सीमध्ये चार्जर नुसता करंट सोडत नाही. यूएसबी पीडी म्हणून एक ठरलेली पद्धत आहे, त्यात चार्जर आधी आपल्याकडे काय आहे ते सांगतो, जसा खानावळीत पोऱ्या येऊन आज काय काय आहे ते म्हणून दाखवतो तसा, ५ व्होल्ट आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे, प्रत्येकात इतके इतके अँपिअर. मग समोरचं मशीन त्यातलं एक मागतं. लॅपटॉप बहुतेक २० मागतो. स्टीम डेक १५ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे ४५ वॉट. स्विचचा डॉक १५ व्होल्टवर अडून बसतो, त्याच्या मूळ चार्जरवर १५ व्होल्ट २.६ अँपिअर छापलंय बघा, ते मिळालं नाही तर टीव्हीवर चित्र नाही. कितीही वॉट असोत, १५ ची ओळ नसेल तर डॉकसाठी तो चार्जर उपयोगाचा नाही. माझ्या चार्जरचा मधला पोर्ट दुसरं काही लावलेलं असताना ५ किंवा फार तर ९ व्होल्टच देतो, मग टीव्ही कुठून येणार.

आणि तो काळा पडदा? एका पोर्टला नवीन काही लावलं की चार्जर सगळ्यांची वाटणी परत करतो, त्यासाठी सगळ्यांची वीज क्षणभर तोडतो आणि नव्याने यादी सांगतो. फोनला, लॅपटॉपला काही फरक पडत नाही, त्यांना बॅटरी आहे. डॉकला स्वतःची बॅटरी नाही, त्याला तो क्षण पुरतो. सगळे मल्टिपोर्ट असेच वागतात असं नाही, काही महागड्यांमध्ये एक पोर्ट राखीव ठेवलेला असतो जो दुसऱ्यांमुळे हलत नाही, पण या किमतीत जे मी पुढे हाताळले ते सगळे असेच निघाले.

लॅपटॉपला त्रास वेगळा झाला. ऑफिसच्या कॉलवर, स्क्रीन शेअर चालू, वर ढीगभर टॅब, आणि दुसऱ्या पोर्टला फोन, तेव्हा बॅटरी ४१ टक्क्यांवरून तासाभरात ४४ झाली फक्त. प्लग लावलेला आहे, चिन्ह चार्जिंगचं आहे, पण वाढतच नाही. ४५ मध्ये भागत नव्हतं त्याचं.

मग मी एक केबल घेतली, ५४९ रुपयांची, १०० वॉटवाली, जिच्या टोकाला छोटा डिस्प्ले असतो आणि किती वॉट जातायत ते आकड्यात दिसतं. हा या सगळ्यातला सगळ्यात चांगला खर्च. लॅपटॉप लावला, ५८. फोन लावला, आकडा शून्य झाला, मग ४१ वर येऊन थांबला. डोळ्यांसमोर दिसतं सगळं. आणि चार्जरबरोबर जी केबल आली होती ती बाजूला ठेवली, कारण तिच्यावर ६० वॉट लिहिलंय. ६५ चा चार्जर आणि ६० ची केबल एकाच डब्यात! ३ अँपिअरच्या वर करंट न्यायचा तर केबलीच्या टोकात एक चिप लागते, ई-मार्कर म्हणतात, चार्जर त्या चिपला विचारतो की बाई तुला झेपेल का, आणि चिप नसेल तर ३ अँपिअरवर थांबतो, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. पाच वॉटने माझं काही अडलं नाही, पण १०० वॉटचा चार्जर घेऊन साधी केबल लावणाऱ्याचे चाळीस वॉट जातात आणि तो चार्जरला शिव्या देत बसतो.

केबलीचा विषय निघालाच आहे तर, स्वस्तातली जुन्या यूएसबीची टाइप-सी केबल घेताना खरंच जपा. २०१५ च्या शेवटी गुगलमधले इंजिनिअर बेन्सन लिऊंग यांनी ऑनलाइन मिळणाऱ्या केबली विकत घेऊन एकेक तपासायला सुरुवात केली होती, कितीतरी चुकीच्या निघाल्या, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अशाच एका उलटसुलट जोडलेल्या केबलीने त्यांचा स्वतःचा क्रोमबुक पिक्सेल निकामी झाला. ज्याला हे सगळं कळतं त्याचा लॅपटॉप गेला, मग आपलं काय.

फोनच्या चार्जरबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहिते. नवऱ्याच्या फोनबरोबर ८० वॉटचा चार्जर आला होता, आम्हाला वाटलं लॅपटॉपला ६५ लागतात, हा ८० चा, मग झालंच. लॅपटॉपने ओळखही दाखवली नाही. डेकवर स्लो चार्जरची सूचना आली. कारण ते ८० वॉट त्या फोनच्या कंपनीच्या खास भाषेतले, त्याच फोनशी आणि त्याच केबलीने, बाकीच्यांना तो चार्जर साधा ५ व्होल्टचा. पॉवर बँकेचंही तेच, ठळक अक्षरात २२.५ वॉट असतं ते बहुतेक वेळा त्याच जातीचं, पीडीमध्ये १८ किंवा २० मिळतात. डेकवर जड गेम चालू असेल तर त्यात बॅटरी वाढत नाही, उतरण्याचा वेग कमी होतो एवढंच. स्विच हातात घेऊन खेळताना १८ च्या आसपासच घेतो, त्याला मात्र मस्त पुरते. आणि एकदा तर मी लॅपटॉपला पॉवर बँक लावून झोपले, सकाळी लॅपटॉप रिकामा आणि पॉवर बँक भरलेली! टाइप-सीला दोन्ही दिशा चालतात, देणारा कोण आणि घेणारा कोण हे ते दोघं आपसांत ठरवतात, आणि त्या रात्री उलटं ठरलं.

गावी गेलो तेव्हा खरी परीक्षा झाली. पावसात लाइट जायची, आली की तासाभरात जे होईल ते करून घ्यायचं. एक सॉकेट, हा चार्जर, आणि भोवती आम्ही सगळे. दिराने त्याचा गेमिंग लॅपटॉप पुढे केला, “वहिनी, याला पण टाइप-सी आहे की.” लावला, काहीच नाही. त्याचा मूळ चार्जर २३० वॉटचा जाड पिनेचा, आणि त्याच्या टाइप-सी भोकाशेजारी बॅटरीचं किंवा पीडीचं काही चिन्हच नव्हतं, ते भोक फक्त डेटा आणि मॉनिटरसाठी. काही गेमिंग लॅपटॉप टाइप-सीवर १०० वॉटपर्यंत घेतातही, पण त्यात हलकं काम होतं, गेम नाही. घ्यायच्या आधी ते चिन्ह बघा.

पुतण्याकडे जुने गेम खेळायचा छोटासा चायनीज कन्सोल आहे, तोही टाइप-सी. दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या केबलीने तो चार्ज होतच नाही, चार्जर कुठलाही लावा. पोरगं रडकुंडीला आलं होतं, बिघडला म्हणून. मी चार्जरच्या खालच्या जुन्या यूएसबी पोर्टला त्याचीच डब्यातली केबल लावली, लगेच दिवा लागला. अशा स्वस्त मशीनमध्ये आत ५.१ किलोओमचे दोन बारीक रेझिस्टर लावायचे राहिलेले असतात, ते नसले की चार्जरला पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ सारख्या नावाजलेल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाचीही याच दोन रेझिस्टरांत गडबड झाली होती, दोन पिनांना मिळून एकच लावला होता आणि ई-मार्करच्या केबलीवर तो चालूच व्हायचा नाही, त्यांनी नंतर सुधारलं. तेव्हा या चार्जरला तो जुना पोर्ट आहे याचा अर्धा स्टार मी आनंदाने देते, त्याची काय गरज असं मला आधी वाटायचं.

गावी शेवटी आम्ही पाळी लावली. लाइट आली की पहिला अर्धा तास लॅपटॉप एकटा, कारण मला सोमवारी काम होतं, मग डेक वर आणि स्विच मध्ये, आणि फोन सगळे रात्री. अशा पाळीने वापरलं तर हा चार्जर खरंच चांगला आहे. तीन महिन्यांत एकदाही बंद पडला नाही, लाइट खालीवर झाली तरी तक्रार नाही, आणि पिशवीतली जागा वाचली.

स्विचच्या बाबतीत एक काळजी मनात होती ती सांगते, कारण त्यामुळेच मी डॉक मूळचाच ठेवलाय. मार्च २०१८ मध्ये स्विचचं ५.० अपडेट आल्यावर दुसऱ्या कंपन्यांच्या डॉकला लावलेले काही स्विच कायमचे बंद पडले होते. मामाने इतक्या प्रेमाने आणलेली वस्तू, आणि इथे रिपेअरला अधिकृत सेंटर नाही, चार्जरवर एकवेळ प्रयोग करेन पण डॉकवर नाही. आणि जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ कुणी मागवणार असेल तर त्याचा डॉक ६० वॉट मागतो, २० व्होल्ट ३ अँपिअर. जुन्या स्विचचा ३९ वॉटचा चार्जर त्याला हातात खेळताना चार्जिंगला चालतो, टीव्हीला नाही. म्हणजे हा माझा चार्जर त्या डॉकला लावायचा झाला तर बाकी दोन्ही पोर्ट रिकामे ठेवावे लागतील.

युरोपात आता कायदाच आहे, २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनबरोबर हातातल्या गेम कन्सोललाही टाइप-सी सक्तीचं आहे, लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६ ठरवलेली. चांगलंच आहे, पण भोक एक झालं म्हणून यादी एक होत नाही हे मी तीन महिने बघितलंय. त्या कायद्यात वेगाने चार्ज होणाऱ्या मशीनला पीडी चाललीच पाहिजे अशीही अट आहे, मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

तर हा घ्यावा का? तुमच्याकडे एक लॅपटॉप आणि एक फोन असेल आणि लॅपटॉपवर जड काम नसेल तर घ्या, १,६९९ ला वाईट नाही. स्टीम डेक एकटा असेल तर डोळे मिटून घ्या. स्विच टीव्हीवर खेळणारं घर असेल तर डॉकचा मूळ चार्जर टीव्हीमागून काढूच नका, मी तेच केलंय, फक्त कन्व्हर्टरऐवजी चपट्या पिनांना घट्ट धरणारं युनिव्हर्सल सॉकेटचं एक्स्टेंशन बसवलं, आता झुकत नाही आणि चर्र होत नाही. दुकानात डबा हातात घेतलात की ६५, १०० हे मोठे आकडे सोडून द्या आणि चार्जरच्या अंगावरची बारीक ओळ वाचा, १५ व्होल्ट आहे का आणि कुठल्या पोर्टला. दुकानदार डबा उघडू देत नसेल तर फोनवर त्या मॉडेलच्या मागच्या बाजूचा फोटो शोधा.

कंपनीच्या कस्टमर केअरला मी मेल केला होता, तक्त्याचा फोटो जोडून, की हा डब्याच्या बाहेर छापा, लोकांचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतील. उत्तर आलं की आमचं प्रॉडक्ट सर्व टाइप-सी उपकरणांना चालतं. मी परत लिहिलंय, या वेळी डिस्प्ले केबलीचा व्हिडिओ जोडून, ज्यात आकडा ५८ वरून शून्य आणि शून्यावरून ४१ होताना दिसतो. नऊ दिवस झाले, अजून उत्तर नाही, आलं की इथेच खाली टाकते.